कोतवालाची वही : भंडारा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचें एक उपेक्षित साधन

ऐतिहासिक साधनांचा संग्रह करणाऱ्या मंडळींचें लक्ष सनदा, महजर, बखरी व ताम्रपट यांकडे प्रथम जातें, हें स्वाभाविक आहे. गांवच्या चावडीवरील रोजच्या नोंदींचीं बाडें मात्र कोणी कपाटांत जपून ठेविलीं आहेत, असें क्वचितच दिसतें. गांवांत मूल जन्मलें, कोणी मेलें, घर फुटलें, बैल चोरीस गेला, या गोष्टी राजकारणाच्या इतिहासांत बसत नाहींत; म्हणून त्यांच्या नोंदीही आपण साधनांत धरीत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका उपेक्षित साधनाचा, म्हणजे भंडारा जिल्ह्यांतील कोतवालाच्या वहीचा, विचार करावयाचा आहे.

पोलीस खात्याच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब घेण्याची चाल नवी नाहीं. मध्यप्रांत निर्माण झाल्यानंतर तेथील पोलीस कारभाराचा वार्षिक अहवाल नागपुरास छापून निघूं लागला. आणि आजही वर्ष सरलें म्हणजे जिल्ह्याच्या गुन्ह्यांचा आढावा प्रसिद्ध होतो. खून किती, दरोडे किती, घरफोड्या किती, चोरीस गेलेल्या मालापैकीं परत किती मिळाला, हे आंकडे आपण वाचतों व त्यांवरून मागील वर्षापेक्षां चालू वर्ष बरें कीं वाईट, हें ठरवितों. परंतु तो आंकडा मुळांत आला कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. भंडारा जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर, शंभर वर्षांपूर्वीं तो आंकडा एका निरक्षर जागल्याच्या पायांनीं ठाण्यापर्यंत चालत येत असे. तो जागल्या म्हणजेच कोतवाल.

प्रथम या नांवाचा विचार करूं. कोतवाल हा शब्द संस्कृत कोट्टपाल या शब्दापासून आला आहे. कोट्ट म्हणजे किल्ला, व त्याचा रक्षक तो कोट्टपाल. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरांतील विक्रम संवत् ९३३, म्हणजे इ. स. ८७६, च्या शिलालेखांत प्रतीहार राजा भोज याच्या अमदानींतील कोट्टपाल अल्ल याचा उल्लेख आहे. शून्याचें चिन्ह ज्या प्राचीन लेखांत आढळतें त्यांपैकीं हा एक म्हणून गणितज्ञ त्यास ओळखतात. परंतु बंदोबस्ताच्या इतिहासाच्या दृष्टीनेंही तो तितकाच मोलाचा आहे. पुढें मुसलमानी व मराठी अमलांत कोतवाल हा शहराच्या बंदोबस्ताचा अधिकारी झाला. वैनगंगेच्या खोऱ्यांत मात्र हेंच नांव उतरत उतरत गांवकुसाबाहेर राहणाऱ्या जागल्यापर्यंत येऊन पोहोंचलें. इंग्रजी दप्तरांत तें बहुधा ‘कोतवार’ असें लिहिलेलें आढळतें. अधिकार गेला, मान गेला. रक्षणाचें ओझें तेवढें नांवासवें खालीं आलें.

हें ओझें किती जुनें आहे तें धर्मशास्त्रावरून समजतें. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत चोरीच्या जबाबदारीचा क्रम सांगितला आहे. चोर गांवाबाहेर गेल्याचें दिसत नसेल तर दोष ग्रामाधिपतीचा. कुरणांत किंवा वाटेंत चोरी झाली तर कुरणाच्या अधिकाऱ्याचा. त्यापलीकडे चोर धरण्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्याचा. पुढें असाही नियम आहे कीं, चोरी आपल्या शिवेंत झाली असतां त्या गांवानें भरून द्यावी, अथवा पावलांचा माग ज्या गांवांत शिरेल त्या गांवानें द्यावी. आणि चोरी गांवापासून कोसापलीकडे झाली तर पांच किंवा दहा गांवांनीं मिळून भरावी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील कंटकशोधन अधिकरणांतही व्यापाऱ्यांच्या मालाविषयीं याच धर्तीचा क्रम आहे, व तेथें गांवांच्या दरम्यानच्या प्रदेशासाठीं चोररज्जुक नांवाचा अधिकारी सांगितला आहे. इतकेंच नव्हे, तर चोरांनीं नेलेलें द्रव्य राजानें प्रजेस द्यावें असेंही याज्ञवल्क्य सांगतो. सारांश, रक्षण हें दान नसून ऋण आहे, अशी ही विचारसरणी होती.

हे नियम ग्रंथांतच राहिले असें नाहीं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलुखाविषयीं इ. स. १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत दक्षिणेंतील जागल्याचें काम सविस्तर सांगितलें आहे. जागल्यानें रात्रीं गस्त घालावी, परक्या माणसावर नजर ठेवावी, चोरी झाल्यास माग काढावा, व तो माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत नेऊन तेथील जागल्याच्या स्वाधीन करावा; माग पुढें गेल्याचें ज्या गांवास दाखवितां आलें नाहीं, त्या गांवावर भरपाईची जबाबदारी येई. स्मृतींतील ‘पद’ आणि मराठी गांवांतील ‘माग’ या दोहोंमध्यें सुमारें दीड हजार वर्षांचें अंतर आहे, परंतु न्यायाची रीत एकच आहे. ती प्रत्येक ठिकाणीं तंतोतंत पाळली जात होती असें समजण्याचें कारण नाहीं. भरपाईच्या नांवाखालीं गांवावर जुलूमही होत असेल. तथापि चोरी ही साऱ्या गांवाची गोष्ट आहे, ही समजूत रूढ होती, एवढें निश्चित.

आतां भंडारा प्रांताकडे वळूं. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. इ. स. १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले व १८१८ पासून तिसऱ्या रघूजीच्या अज्ञानपणीं रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या देखरेखीखालीं राज्याचा कारभार चालला. जेंकिन्सनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नागपूर राज्याचा अहवाल आपणां सर्वांस परिचित आहे. १८३० नंतर कारभार रघूजीकडे आला. १८५३ सालीं तो निपुत्रिक वारला व डलहौसीनें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि योगायोग असा कीं, हिंदुस्थानच्या पोलीस खात्याचा पायाभूत असा १८६१ चा पांचवा कायदाही त्याच वर्षींचा. म्हणजे मध्यप्रांत आणि त्याचें पोलीस दल हीं समवयस्क होत.

त्या काळचा भंडारा जिल्हा आजच्यापेक्षां पुष्कळ मोठा होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं त्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं तो भाग यांतच मोडे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जिल्ह्याचें क्षेत्र ३,९६५ चौरस मैल, १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें वस्ती सुमारें ६ लाख ६३ हजार, गांवें सोळाशेंहून अधिक, आणि शहरें म्हणावीं अशीं भंडारा, पवनी व तुमसर हीं तीनच. भंडारा, तिरोडा व साकोली अशा तीन तहसिली. तलावांच्या पाण्यावरील धानाचीं शेतें, मध्यें मध्यें जंगल, आणि पावसाळ्यांत वैनगंगा व तिच्या उपनद्या यांनीं तुटणाऱ्या वाटा, असा हा प्रदेश. शिपाई कांहीं शेंकडे आणि गांवें सोळाशें. प्रत्येक गांवीं शिपाई ठेवणें कोणत्याही सरकारास परवडणारें नव्हतें. जिल्ह्याचा खरा पहारा गांवोगांवच्या कोतवालाचाच होता.

येथें कायद्यांतील एक बारकावा लक्षांत ठेविला पाहिजे. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या २१ व्या कलमानें वंशपरंपरागत वा अन्य ग्रामपोलीस अधिकाऱ्यांस, ते दलांत दाखल झालेले नसतील तर, त्या कायद्यांतून वगळलें. म्हणजे कोतवाल हा पोलीस दलाचा माणूस नव्हता. गांवच्या मालगुजारांपैकीं जो मुकद्दम असेल त्याच्या हाताखालीं तो काम करी, व त्याचा मोबदला धान्याच्या हक्काच्या किंवा सेवेच्या जमिनीच्या रूपानें गांवांतून मिळे. पगार गांवाचा, वर्दी ठाण्याची, अशी त्याची अवस्था. १८८१ च्या मध्यप्रांत जमीनमहसूल कायद्यानें व पुढें १९१७ च्या कायद्यानें मुकद्दम व कोतवाल यांचीं कर्तव्यें महसुली चौकटींत बांधलीं गेलीं. आणि १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या ४५ व्या कलमानें गांवचा मुखिया, जागल्या व जमिनीचा मालक या सर्वांवर संशयित माणसें, गंभीर गुन्हे व आकस्मिक मृत्यू यांची खबर देण्याचें बंधन घातलें.

जुन्या न्यायांतील सामुदायिक भरपाई मात्र या नव्या रचनेंत नाहींशी झाली. गांवानें चोरी भरून देण्याऐवजीं गांवानें चोरीची खबर द्यावी, एवढेंच उरलें. तथापि तिची एक छाया १८६१ च्या कायद्याच्या १५ व्या कलमांत दिसते. अशांत मुलुखांत जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची सोय त्या कलमांत होती. पूर्वीं गांव भरून देई तें चोरी झालेल्या माणसास. आतां भरूं लागलें तें सरकारास. जबाबदारीचें ऋण जाऊन तिचा दंड झाला. हा फरक शब्दाचा नसून तत्त्वाचा आहे.

आतां वहीविषयीं. कोतवालानें ठराविक दिवशीं ठाण्यावर हजर राहून गांवची खबर द्यावयाची असे. त्या खबरींत गुन्ह्यांबरोबर जन्म व मृत्यू यांचाही समावेश होता, कारण मध्यप्रांतांत ग्रामीण जन्ममृत्यूच्या नोंदीचें काम पोलीस ठाण्यांकडेच सोंपविलेलें होतें. कोतवालाजवळ यासाठीं एक वही असे. त्यास स्वतःस बहुधा लिहितां येत नसल्यामुळें ती वही मुकद्दम, पटवारी किंवा गांवांतील दुसरा कोणी अक्षरओळख असलेला मनुष्य भरी, व ठाण्यांतील मुनशी तिच्यावरून आपल्या पुस्तकांत उतारा करी. तारीख, बापाचें नांव, जात, मूल मुलगा कीं मुलगी. मृत्यू असल्यास वय व कारण, म्हणजे ताप, पटकी, देवी, हगवण, अपघात इत्यादि. जन्माच्या नोंदींत मुलाचें नांव पुष्कळदां नसतेंच, कारण बारसें होण्यापूर्वींच वही ठाण्यास जाऊन आलेली असे. जुन्या वह्यांत मोडीचा वापर आढळतो, पुढें बाळबोध येतें.

ठाण्यांतून हे आंकडे भंडाऱ्यास, भंडाऱ्याहून नागपुरास, व तेथें सर्व जिल्ह्यांचे तक्ते एकत्र होऊन छापील अहवालांत, असा त्यांचा प्रवास होई. छापील अहवालांतील एका आंकड्यामागें अशा शेंकडों पायपिटी आहेत. म्हणून त्या आंकड्याची विश्वसनीयता शेवटीं कोतवालाच्या विश्वसनीयतेइतकीच. दुष्काळाच्या किंवा साथीच्या वर्षीं ही गोष्ट उघड होते. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्यप्रांत होरपळून निघाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें तर खबर देणारेच अंथरुणास खिळविले. अशा वर्षांच्या नोंदींतील पोकळी हीच त्या आपत्तीची सर्वांत बोलकी नोंद होय. वहींतील कोरें पान पाहून तेथें कांहीं घडलें नाहीं असें अनुमान काढणाऱ्या संशोधकानें ही गोष्ट विसरूं नये.

गुन्ह्यांच्या आंकड्यांविषयीं तर अधिकच सावधगिरी हवी. १९०२-०३ च्या पोलीस कमिशनचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे मध्यप्रांतांत दीर्घकाळ नोकरी केलेले गृहस्थ. त्या प्रांताचे चीफ कमिशनरही ते होते. त्यांच्या कमिशननें आंकड्यांवरून पोलिसांचें काम जोखण्याच्या पद्धतीवर टीका केली. गुन्हे कमी दिसावेत म्हणून ते नोंदवून न घेण्याकडे, आणि टक्केवारी चांगली दिसावी म्हणून लहानसहान फिर्यादी दडपण्याकडे, अशा पद्धतीनें कल होतो, हा त्या टीकेचा मतितार्थ. ग्रामजागल्या हा गांवाचाच सेवक राहावा, गांवच्या मुखियाच्या हाताखालीं असावा, ठाण्याचा हरकाम्या होऊं नये, असेंही कमिशनचें मत होतें. मध्यप्रांतांतील अनुभवाचा या मतावर परिणाम झाला असावा, असें आम्हांस वाटतें. हें जाणल्यानंतर वार्षिक आढावा वाचण्याची आपली रीत बदलली पाहिजे. एखाद्या वर्षीं गुन्हे वाढले याचा अर्थ कधीं कधीं लोक ठाण्याची पायरी चढण्यास धजूं लागले, असाही असूं शकतो; आणि गुन्हे घटले याचा अर्थ कोणी तरी पायरीवरूनच परत गेला, असाही असूं शकतो.

येथवर कोतवालाच्या उपयुक्ततेविषयीं लिहिलें. परंतु त्याच्या स्वतःच्या स्थितीविषयीं न लिहिणें हा अन्याय होईल. जुन्या ग्रामव्यवस्थेचें गुणगान करण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृत पढलेल्या माणसांस फार. भंडारा जिल्ह्यांत कोतवालाचें काम बहुधा महार समाजाकडे असे. शिवेची खूण त्याला ठाऊक, शिवेच्या तंट्यांत साक्ष त्याची. पण वस्ती त्याची गांवाबाहेर. रात्रीं ज्यांच्या दारांवर तो पहारा करी, दिवसा त्यांच्या उंबऱ्याच्या आंत त्यास प्रवेश नव्हता. अंमलदार आला कीं त्याचें ओझें वाहणें, निरोप घेऊन उन्हातान्हांत धांवणें, हें सारें त्याच्याच माथीं. मुंबई इलाख्यांतील महार वतनाचें असेंच ओझें दूर करण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं तेथील कायदेमंडळांत विधेयक आणिलें, हें प्रसिद्धच आहे. मध्यप्रांताचा कायदा निराळा असला तरी पायांतील कांटा एकच होता. बाबासाहेबांनीं १९५४ सालीं भंडारा मतदारसंघांतूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व तींत त्यांचा पराभव झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें, व त्यानंतर अनेकांनीं गांवकीचीं कामें सोडून दिलीं. गांवच्या सुरक्षिततेची किंमत कोणी मोजली, हें सांगितल्याशिवाय गांवच्या सुरक्षिततेचा इतिहास पुरा होत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ही सर्व रचना एकामागून एक उलगडत गेली. १९५१ सालीं मध्यप्रदेशांत मालगुजारी नष्ट झाली व तिच्याबरोबर मालगुजार मुकद्दमाचा पायाही गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भंडारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यानें पोलीस पाटलाची नेमणूक होऊं लागली. पश्चिम महाराष्ट्रांत व वऱ्हाडांत पाटील हा फार जुना. भंडाऱ्यांत मात्र पोलीस पाटील हें नांव या कायद्याबरोबर आलेलें, ही गोष्ट बाहेरच्या अभ्यासकांच्या ध्यानांत येत नाहीं. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानंतर ती नोंद ठाण्याकडून ग्रामपंचायतीकडे गेली. कोतवाल तहसिलीकडे महसुली कामास राहिला, आणि अलीकडे त्या पदास महसूल सेवक असें नवें नांव मिळालें आहे. कोट्टपाल या शब्दांतील रक्षणाचा अर्थ अशा रीतीनें अखेर पुसला गेला.

तथापि मूळ कल्पना पुसली गेली असें म्हणतां येत नाहीं. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्र सरकारनें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम चालविली, तिच्या मुळाशीं गांवानें आपले तंटे आपणच मिटवावेत हाच विचार होता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४ व्या कलमांत गुन्ह्याची व आकस्मिक मृत्यूची खबर देण्याचें कर्तव्य ग्रामसेवकांबरोबर गांवांत राहणाऱ्या प्रत्येक माणसावर ठेविलें आहे. १९७३ च्या संहितेंतही तें तसेंच होतें. एका जातीच्या पाठीवरील ओझें निदान कायद्यानें तरी सर्वांच्या खांद्यांवर वांटलें गेलें, ही लहान प्रगति नव्हे. आज ११२ हा क्रमांक फिरविला कीं खबर क्षणांत पोहोंचते. पण खबर द्यावी असें वाटणारा मनुष्य गांवांत असावा लागतो. तो कोणत्याही यंत्रांतून निघत नाहीं.

आतां शेवटीं वहीच्या भवितव्याविषयीं. ज्या वह्या गुन्हे व मृत्यू टिपण्यासाठीं लिहिल्या गेल्या, त्यांस आज अगदीं निराळ्या कारणानें महत्त्व आलें आहे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठीं विदर्भांत ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हा मोठा पुरावा मानितात. अनुसूचित जाती व जमाती यांस १९५० पूर्वींचा, विमुक्त व भटक्या जमातींस १९६१ पूर्वींचा, व इतर मागासवर्गांस १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्याचा शाळेचा दाखला नाहीं, कारण तो शाळेंत गेलाच नाहीं, त्यास या वहींतील एक ओळ हाच आधार. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची निकड साऱ्या महाराष्ट्रास जाणवली. विद्यार्थ्याचा प्रवेश, तरुणाची नोकरी, गांवच्या सरपंचाचें पद, हीं सर्व अशा एखाद्या ओळीवर अवलंबून असतात.

आणि म्हणूनच या वह्या धोक्यांत आहेत. रोजच्या हाताळणीनें कागद ठिसूळ झाला आहे, कडा झडत आहेत, पावसाळी दमटपणानें शाई पसरते. त्याहून मोठा धोका लोभाचा. जातीच्या रकान्यांत मागाहून घातलेला एक शब्द, निराळ्या शाईनें गिरविलेलें एक अक्षर, किंवा नाहींसें झालेलें एक पान, यांनीं एका कुटुंबाचें बरें व दुसऱ्याचें वाईट होऊं शकतें. शाई, वळण, कागद व लेखकाचा हात ओळखण्याची जी विद्या आपण सनदांच्या सत्यासत्यतेसाठीं कमावली, तिची आज या साध्या वह्यांस गरज आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच. अशी वही कोठें रद्दींत किंवा एखाद्या जुन्या मुकद्दमाच्या घरीं आढळली, तर ती आपल्या संग्रहाचें भूषण करूं नये. तिचें प्रत्येक पान, कोऱ्या पानांसह, छायाचित्रित करावें. कोणत्या गांवची, कोणत्या ठाण्याची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची, हें टिपून ठेवावें. आणि मूळ वही तहसिलीच्या अभिलेखागारांत पावती घेऊन परत करावी. सनद ही एका घराण्याची असते. कोतवालाची वही साऱ्या गांवाची आहे. ज्यानें ती काखेंत धरून चिखलांतून ठाण्यापर्यंत नेली, त्याचें नांव बहुधा तींत कोठेंच नसतें. तिचें पान हरवूं न देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.